वाइनरीतलं लग्न, माळकरी मामा आणि दीड दिवसाचं नाशिक

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ होत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना वाक्यं जिथे अर्धी राहिली तिथे पूर्ण केलीत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत एकाच प्रकारचे निरोप बरेच आले. गिरगावातून आले, दादरहून आले, एक तर आमच्याच परळमधून. सगळ्यांचा मजकूर साधारण असा: "ताई, आमच्याकडे नाशिकला लग्न आहे. वाइनरीच्या शेजारच्या रिसॉर्टवर. आदल्या दिवशी दुपारी पोचायचं, दुसऱ्या दिवशी लग्न लावून निघायचं. मधल्या वेळात करायचं काय? आणि आमच्याकडे अर्धे लोक पीत नाहीत, त्यांचं काय?"

हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आमच्या घरात अगदी ऐन वेळी उभा राहिला होता. फेब्रुवारीत माझ्या भाचीचं लग्न झालं, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर. मी मुलीची मावशी. मुलीचा मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. दादा माळकरी आहे. पंचवीस वर्षं झाली गळ्यात माळ घालून, दर वर्षी आषाढीला जमेल तेवढी वारी करतो. पत्रिका हातात पडली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे दारूच्या कारखान्यात लग्न का?" आणि मग म्हणाला, "मी नंतर घरी येऊन आशीर्वाद देईन."

आता आपल्याकडे नवरीला मांडवात आणतो मामा. मामा नाही म्हटल्यावर ताईच्या पोटात गोळाच आला. तेव्हा आजचा भाग नुसता 'नाशिकमध्ये काय बघाल' असा नाहीये. वाइनरीतल्या लग्नाला सगळ्या घराने जायचं असेल तर ते कसं जमवायचं, असा आहे.

'वाइन शॉप'ने केलेला घोटाळा

मुंबईत आपण ज्याला 'वाइन शॉप' म्हणतो तिथे काय मिळतं? रम, व्हिस्की, बिअर, व्होडका. वाइनच्या चार बाटल्या वरच्या फळीवर धूळ खात असतात. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाच्या मनात 'वाइन' म्हटलं की ते जाळीचं दुकान येतं, आणि पगाराच्या दिवशी तिथे लागणारी रांग येते. त्यामुळे दादा जे म्हणाला ते काही वेडेपणाचं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला एक उलटी समजूत आहे. "अगं, वाइन म्हणजे काही दारू नव्हे, द्राक्षाचा रसच तो." २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा हा वाद घराघरात झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि टीव्हीवर महिनाभर 'वाइन दारू की नाही' हेच चालू होतं.

तर हिशोब मांडू. टेबलावर येणाऱ्या वाइनमध्ये अल्कोहोलचं प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के असतं. १५० मिलीचा एक ग्लास धरला तर त्यात सुमारे १९ मिली अल्कोहोल जातं. भारतात विकली जाणारी व्हिस्की असते ४२.८ टक्के. तिचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे साधारण १३ मिली अल्कोहोल. म्हणजे वाइनचा भरलेला एक ग्लास व्हिस्कीच्या छोट्या पेगपेक्षा जास्त आहे, मोठ्यापेक्षा कमी. तेव्हा माळकरी माणसाला "रसच तो" म्हणून ग्लास पुढे करू नका. ती फसवणूक होते. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१ आहे, ती काही उगाच नाही.

सरकारने मात्र वाइनला वेगळी वागणूक दिली हे खरं. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. द्राक्षापासून होणाऱ्या वाइनला अबकारी करात सवलत दिली, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला नि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे केले. धोरणाचं नाव नीट बघा. त्यात द्राक्ष आधी आहे. शेतकऱ्याच्या मालाला टेबलावरच्या द्राक्षाखेरीज आणखी एक गिऱ्हाईक मिळावं, हा त्यामागचा विचार.

आधी शेत, मग बाकी सगळं

दादाला मी हेच सांगितलं. म्हटलं, "तू वाइन बघायला येऊ नकोस. बाग बघायला ये." आमचे वडील तासगावहून मुंबईत आले आणि परळच्या गिरणीत लागले. गावाकडे चुलत्यांची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. दादाने लहानपणी सुट्टीत तिथे काम केलेलं आहे. तेव्हा बाग म्हटल्यावर त्याचा चेहरा थोडा सैल झाला.

तुम्ही वाइनरीत गेलात तर पहिला अर्धा तास बागेलाच द्या. अनेक ठिकाणी मार्गदर्शकाबरोबर फेरी असते, ती साधारण तासाभराची. आधी फोन करून वेळ ठरवा, कारण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते. बागेत काय विचारायचं ते सांगते.

पहिली गोष्ट, छाटणी. युरोपात थंडी एवढी की वेल हिवाळ्यात झोपी जातो. वर्षातून एकच मुख्य छाटणी, आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ज्यातून पुढच्या पिकाची काडी तयार होते. पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आगेमागे दुसरी, तिला कुणी गोडी छाटणी म्हणतं, कुणी नुसतीच ऑक्टोबर छाटणी. फळ धरतं ते या दुसऱ्या छाटणीनंतर. वाइनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे आपल्या लग्नसराईतले माघ-फाल्गुनाचे मुहूर्त बरोब्बर तोडणीच्या हंगामात येतात. मे महिन्यात गेलात तर बाग हिरवी दिसेल, पण घड नसतील. फोटोत घड हवेत म्हणणाऱ्या नवरा-नवरीने तारीख काढतानाच हे बघायला हवं.

दुसरी गोष्ट, द्राक्ष कुठलं. आपण दादरच्या बाजारात घेतो ते लांबट, बिनबियांचं, पातळ सालीचं. थॉमसन, सोनाका वगैरे. त्याचा मणी फुगावा म्हणून शेतकरी घड जिब्रेलिक आम्लाच्या पाण्यात बुडवतो, त्याला ते नुसतं 'जीए' म्हणतात. वाइनच्या द्राक्षाला हे नको असतं. तिथे मणी बारीक, साल जाड, आत बी, आणि साखर जास्त. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून साल जेवढी जास्त तेवढं बरं. जातींची नावं परदेशी आहेत: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉन ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉन. पण त्या वेलाची मुळं बहुतेक वेळा दुसऱ्याच वेलाची असतात. खाली पाणी कमी पडलं तरी टिकणारा डॉगरिजसारखा खुंट आणि वर हवी त्या जातीचं कलम.

आमच्या फेरीत दादाने मार्गदर्शकाला विचारलं, "खुंट कुठला?" तो तरुण पोरगा चमकलाच. त्याला वाटलं होतं हे आजोबा सेल्फीसाठी आलेत. मग दोघं दहा मिनिटं भुरी, डाऊनी आणि अवकाळी पावसावर बोलत राहिले. बागेत शेवटच्या पंधरा दिवसांत पाऊस झाला तर मणी तडकतात, घड कुजतात, आणि गारपीट झाली तर वर्षाची मेहनत एका दुपारी जमिनीवर. हे टेबलाच्या द्राक्षालाही आहे आणि वाइनच्या द्राक्षालाही. अनेक वाइनऱ्या शेतकऱ्यांशी आधी करार करून ठरलेल्या भावात द्राक्षं घेतात. त्यात भावाची धाकधूक कमी होते. पावसाची होत नाही.

एक विनंती. घड तोडून तोंडात टाकू नका, पोरांना टाकू देऊ नका. एक तर फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं. दुसरं म्हणजे ते कुणाचं तरी पीक आहे.

आत काय चालतं

बागेतून आत गेलात की पोलादाच्या उंच टाक्या दिसतील. गोष्ट सोपी आहे. द्राक्षात साखर असते. यीस्ट ती साखर खातं आणि अल्कोहोल नि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष आधी दाबून रस वेगळा काढतात आणि फक्त रस आंबवतात. लाल वाइनसाठी साली रसातच ठेवतात, म्हणून लाल रंग येतो. लाल द्राक्षाचा रस बहुतेक जातींत जवळपास पांढराच असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मार्गदर्शकाने लाल मणी चिरडून दाखवला तेव्हा आमच्या मामेसासूबाई म्हणाल्या, "अगो बाई, कोकमासारखंच की, रंग सगळा सालीत!"

आंबताना उष्णता निघते. आपल्याकडच्या हवेत ती आवरली नाही तर वास उडून जातो, म्हणून टाक्यांभोवती थंड पाणी फिरवतात. पांढरी वाइन थंड ठेवून सावकाश आंबवतात, लाल थोडी उबदार. काही लाल वाइन पुढे ओकच्या पिंपात मुरायला जाते. बुडबुडे असलेल्या वाइनमध्ये दुसऱ्यांदा आंबवणं होतं, चांगल्या प्रतीच्या वाइनमध्ये थेट बाटलीतच. महाराष्ट्रात ही बुडबुड्यांची वाइन नवी नाही. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला फ्रेंच तंत्राने ती होऊ लागली होती.

नाशिकचं नाव मोठं झालं ते त्यानंतर. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, घरच्या जमिनीवर आधी दुसरी पिकं करून पाहिली, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी वाइनच्या द्राक्षाच्या वेली लावल्या. सुला हे नाव त्यांच्या आईच्या नावावरून, सुलभावरून. २००० मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली, २००५ मध्ये बागेतच वाइन चाखायची खोली उघडली. आज त्याच भागात यॉर्क आहे, सोमा आहे. घोटी-इगतपुरीच्या बाजूला गेलात तर व्हॅलोने आहे, ग्रोव्हर झाम्पा आहे. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

चाखणं आणि न चाखणं

चाखायच्या खोलीत पाच-सहा वाइन थोड्या थोड्या देतात. क्रम बहुतेक असा असतो: बुडबुड्यांची, पांढरी, गुलाबी, लाल, शेवटी गोड. ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. आधी रंग बघा, मग ग्लास हलकेच फिरवून वास घ्या, मग घोट. आवडली नाही तर समोर भांडं ठेवलेलं असतं, त्यात ओता. त्यात कमीपणा काही नाही, चाखणारे जाणकार तेच करतात.

प्रत्येकी ३० मिली धरलं तर सहा वाइन म्हणजे १८० मिली. एका भरल्या ग्लासाहून जास्तच. "नुसतं चाखलं" म्हणून कुणी गाडीच्या चाकावर बसू नये. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि कायद्याचं सोडा, उतरताना मध्ये कसारा घाट आहे.

आता न पिणाऱ्यांचं. आम्ही घरात बसून चार गोष्टी ठरवल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक: लग्नाचे विधी आणि जेवण होईपर्यंत मांडवाच्या आवारात ग्लास येणार नाही. बार वेगळ्या हिरवळीवर, संध्याकाळी, आणि ज्याला जायचं त्यानेच जायचं. रिसॉर्टला हे आधी लेखी सांगावं लागतं, कारण त्यांच्या पॅकेजमध्ये 'स्वागत पेय' म्हणून वाइनच असते. आम्ही तिथे कोकम सरबत ठेवायला लावलं.

दोन: शाकाहारी स्वयंपाकाची आणि वाढपाची व्यवस्था पूर्ण वेगळी.

तीन: बागेची फेरी सगळ्यांसाठी, चाखणं फक्त ज्यांना हवं त्यांच्यासाठी. दोन्हींची तिकिटं वेगळी मिळतात का, ते बुकिंग करताना विचारा.

चार: "एक घोट घे की रे" हे वाक्य कुणी कुणाला म्हणायचं नाही. नवऱ्या मुलाच्या मित्रांना हे जरा मोठ्याने सांगावं लागलं.

हे सगळं फोनवर ऐकल्यावर दादा म्हणाला, "मग येतो." वाइन म्हणजे दारू नव्हे, हे त्याला काही पटलेलं नाही, आणि मी पटवायलाही गेले नाही. त्याच्यासाठी जागा ठेवलीय, एवढं त्याला दिसलं. बागेच्या फेरीत तो शेवटपर्यंत होता. चाखायच्या खोलीच्या दाराशी तो आणि आई मागे वळले, आणि काडी बांधणाऱ्या बायकांशी गप्पा मारत बसले. दुसऱ्या दिवशी अकरा बावीसच्या मुहूर्ताला भाचीला मांडवात घेऊन आला तो दादाच.

मधल्या वेळात नाशिक

आता दीड दिवसाचं वेळापत्रक. वऱ्हाडाचे तीन गट करा: देवदर्शनवाले, इतिहासवाले आणि 'आम्हाला झोपू द्या'वाले. तिसऱ्या गटाला धरणाकाठी खुर्च्या द्या, ते खूश असतात.

पंचवटी, रामकुंड आणि काळाराम मंदिर सकाळी लवकर उरकता येतं. आमच्या परळ-लालबागच्या मंडळींनी काळाराम मंदिराच्या दाराशी दोन मिनिटं थांबावं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पुढे काही वर्षं चालला. तेव्हा बाबासाहेब राहायला होते परळच्या बीआयटी चाळीत. म्हणजे हा लढा लढणारा माणूस आपल्याच गल्लीतून नाशिकला येत होता. पुढे १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा झाली ती येवल्याला, म्हणजे याच जिल्ह्यात.

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून तीसेक किलोमीटर. मंदिर पेशवाईतलं, नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधायला घेतलेलं. पण तिथली रांग तुमच्या हातात नसते. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास सहज जातात. हळद आणि संगीत यांच्या मधल्या वेळात त्र्यंबकेश्वर घुसडू नका, नाहीतर नवरीची आत्या हळदीला नाही आणि प्रसाद मात्र आला, असं होतं. २०२७ च्या सिंहस्थाच्या आसपास लग्न काढत असाल तर तारखा आणि खोल्या दोन्ही फार आधी बघा.

इतिहासवाल्यांनी पांडवलेणी चुकवू नये. मुंबई-नाशिक रस्त्यालगतच आहेत, त्यामुळे जाता-येता होतात. चढण वीस-पंचवीस मिनिटांची, गुडघेदुखीवाल्यांनी खाली थांबावं. खाली दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये, पहिला चित्रपट घडवला दादरला, तो लोकांनी पाहिला गिरगावात कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला, आणि १९४४ मध्ये त्यांचं निधन झालं नाशिकला. दादर पूर्वेचा फाळके रस्ता रोज तुडवणाऱ्यांसाठी ही ओळख पुरेशी आहे.

वर चोवीस बौद्ध लेणी आहेत. त्यातलं दहावं लेणं मुद्दाम बघा. तिथे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक लेख आहे, नहपान राजाचा जावई उषवदात याचा. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुठे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कायम राहायचं, व्याज फक्त वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४०, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. करून बघा, हिशोब बरोबर जुळतो.

आणि हे गोवर्धन कुठलं? नाशिकच्या पश्चिमेचं गोवर्धन-गंगापूर, असं जुन्या गॅझेटियरने धरलेलं आहे. आज सुलाची बाग ज्या गावात आहे तेच. आपण आज जिथे वाइन बघायला जातो, तिथले विणकर एकेकाळी इतके भरवशाचे होते की राजघराणं त्यांच्याकडे पैसे ठेवायचं. आमच्या वडिलांसारख्या गिरणीत साचे चालवलेल्या माणसाच्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी दहाव्या लेण्यात सगळ्या भाचरांना उभं करून सांगितलं.

हिवाळ्यात गेलात आणि एखादा दिवस जास्त असला तर निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर बघा. पाणपक्षी भरपूर. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर पुणे रस्त्यावर आहे, यादवकाळातलं, शांत, कोरीव कामासाठी जावं असं. आणि सकाळी मिसळ खाणार असालच. तिखट मिसळीवर तुरट लाल वाइन चांगली लागत नाही, तिखट आणखी झोंबतं. थोडी गोडसर शेनिन ब्लाँ चालते. लालबागवाल्यांनी नाशिकचा चिवडा आपल्या चिवडा गल्लीशी ताडून बघावा. आमच्याकडे त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

जायचं कसं

शक्यतो रेल्वेने. सकाळची तपोवन आहे, संध्याकाळची पंचवटी आहे, आणि २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत दादरला थांबून नाशिक रोडला जाते. मुंबईहून नाशिक रोड १८८ किलोमीटरच्या आसपास. पण लक्षात ठेवा, नाशिक रोड स्टेशन शहराच्या पूर्वेला आणि वाइनऱ्या पश्चिमेला. स्टेशनवर बस उभी नसेल तर म्हातारी माणसं आणि बॅगा घेऊन फार हाल होतात. यजमानांनी निमंत्रण छापायच्या आधी ही बस ठरवावी.

स्वतःची बस केलीत तर जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झालाय, त्यामुळे घाटातला वेळ वाचतो. भिवंडीच्या आसपासचा वेळ मात्र हाताशी ठेवाच.

मागे राहिलेल्यांचं काय

शेवटचा मुद्दा, आणि तो अवघड आहे. गिरगावात लक्ष्मीबागेत किंवा दादरला वनमाळीत लग्न असायचं, तेव्हा सगळी चाळ यायची. कामावरून सुटून, साडी बदलून, अक्षता टाकून, जेवून दहाला घरी. डेस्टिनेशन लग्नाला तसं येता येत नाही. रजा लागते, खोली लागते, आणि यजमानांची यादी चारशेवरून सव्वाशेवर येते. ज्यांनी मुलीला अंगाखांद्यावर खेळवलं, त्या शेजारच्या काकू त्या सव्वाशेत बसत नाहीत. त्यांना वाईट वाटतं आणि त्या बोलून दाखवत नाहीत.

आम्ही नाशिकच्या खर्चातून एक संध्याकाळचा बँड आणि ड्रोनचे फोटो काढून टाकले. त्या पैशात पुढच्या रविवारी परळला चाळीच्या पटांगणात सत्यनारायण घातला आणि सगळ्या चाळीला जेवण. मसालेभात, जिलबी, मठ्ठा. नाशिकला येऊ न शकलेले सगळे तिथे आले. तुमच्याकडे लग्न बाहेरगावी असेल तर हा दिवस यादीच्या शेवटी ठेवू नका. आधी तो ठरवा, त्याचे पैसे बाजूला काढा, आणि मग रिसॉर्टशी बोला.

तर मंडळी, तारीख तोडणीच्या हंगामातली, फेरी बागेपासून सुरू, न पिणाऱ्यांची सोय आधी, त्र्यंबकेश्वर स्वतंत्र दिवशी, स्टेशनवर बस, आणि परत आल्यावर चाळीला जेवण. एवढं जमलं तर वाइनरीतलं लग्न सगळ्या घराचं होतं. तुमच्याकडे असं लग्न झालं असेल आणि तुम्ही काही वेगळी युक्ती काढली असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.